पेशी मेल्या खऱ्या, पण कशाने?

अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशींमध्ये अपॉप्टोसिस, म्हणजे नियोजित पेशीमृत्यू, घडवून आणला, हा निष्कर्ष मराठवाड्यातील जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि रसायनशास्त्र विभागांच्या प्रबंधांत आता नवा राहिलेला नाही. वनस्पती कधी गुळवेल असते, कधी कडुनिंब, कधी बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ, तर कधी हिंगोली-वसमतची हळद. प्रबंध मान्य होतो, शोधनिबंध छापला जातो आणि अधूनमधून जिल्हा पुरवणीत कर्करोगावर रामबाण उपाय सापडल्याची बातमीही येते. अशा बातमीचे कात्रण खिशात घालून डॉक्टरांपुढे बसणारा नातेवाईक आपल्याकडे दुर्मीळ नाही, म्हणून हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही. माझे म्हणणे असे आहे की, प्लॅस्टिकच्या बशीत वाढवलेली पेशी कोणत्या परिस्थितीत जगत होती हे नोंदवल्याशिवाय, आणि त्या परिस्थितीनेच तिला मारले नाही हे दाखवल्याशिवाय, ‘औषधाने पेशी मेली’ हे विधान विद्यापीठाने ज्ञान म्हणून स्वीकारू नये. आणि ही अट पाळणे इथल्या विभागांना शक्य व्हावे एवढी व्यवस्था उभारणे ही शासनाची व विद्यापीठांची जबाबदारी आहे.

पेशी दोन तऱ्हांनी मरताना दिसते. एक तऱ्हा अपघाती असते: पेशी फुगते, तिचे पटल फाटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आसपास दाह निर्माण होतो. दुसरी तऱ्हा १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी मिळून, वेगळी तऱ्हा म्हणून वर्णन करून जगापुढे मांडली. तिच्यात पेशी आक्रसते, केंद्रकातील द्रव्य घट्ट होते, पटलावर बुडबुडे येतात आणि शेवटी तिचे लहान लहान तुकडे होऊन शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. ही तऱ्हा जनुकांत लिहिलेली असते, हे पुढे सी. एलिगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवरील कामातून पक्के झाले. त्याच्या वाढीत तयार होणाऱ्या १,०९० कायिक पेशींपैकी नेमक्या १३१ पेशी ठरलेल्या वेळी मरतात. या संशोधनपरंपरेसाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या पेशींत हेच काम कास्पेज नावाची विकरे करतात. येथे ध्यानात घेण्याची बाब एवढीच की, मरणाची यंत्रणा जवळपास प्रत्येक पेशीत आधीपासून सज्ज असते. तिला बाहेरून कोणी मृत्यू आणून द्यावा लागत नाही. तिला थोपवून धरणारे काहीतरी काढून घेतले तरी पुरते.

नेमक्या याच मुद्द्यावर लंडनच्या मार्टिन रॅफ यांनी १९९२ मध्ये बोट ठेवले. त्यांचा युक्तिवाद असा होता की, बहुपेशीय प्राण्यातील पेशी इतर पेशींकडून येणाऱ्या जगण्याच्या संदेशांवर अवलंबून असते आणि ते संदेश थांबले की ती आपली आपण मरते. डोळ्याच्या भिंगातील पेशींवर झालेल्या प्रयोगांनी याला चांगला आधार दिला. सीरम (रक्ताची निवळ) न घातलेल्या माध्यमात (पोषक द्रावणात) या पेशी दाट पेरल्या तर जगत राहतात आणि विरळ पेरल्या तर मरतात. दाट वाढीवरचे माध्यम काढून विरळ पेशींवर घातले तर त्याही जगू शकतात. म्हणजे पेशी एकमेकींना जगवणारी द्रव्ये सोडत असतात. आता आपल्या नेहमीच्या प्रयोगाकडे पाहा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात किती पेशी घातल्या, अर्क घालताना त्या किती दाटल्या होत्या आणि शेवटच्या मोजणीपर्यंत माध्यम बदलले होते की नाही, या तीन गोष्टी बदलल्या तर त्याच अर्काचा त्याच पेशींवरचा परिणाम बदलू शकतो. तरीही कित्येक प्रबंधांत पेशींची घनता लिहिलेलीच नसते, आणि लिहिलेली असली तर ती उपकरण कंपनीच्या माहितीपत्रकातून उतरवलेली असते.

सीरमचा प्रश्न याहून गंभीर आहे. बहुतेक माध्यमांत १० टक्के गोवंशीय गर्भाचे सीरम मिसळतात. त्यात वाढीचे घटक, संप्रेरके, अल्ब्युमिन आणि ज्यांची पूर्ण यादी आजही कोणाकडे नाही अशी असंख्य द्रव्ये असतात, आणि त्यांचे प्रमाण एका लॉटपासून दुसऱ्या लॉटपर्यंत बदलते. १९९२ मध्येच जेरार्ड इव्हान आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या जातीतील फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये सी-मिक हे जनुक सतत चालू ठेवले. भरपूर सीरममध्ये या पेशी वाढत राहिल्या, कमी सीरममध्ये त्याच पेशी अपॉप्टोसिसने मेल्या. पेशींना वाढीला लावणारे जनुक सीरम काढताच त्यांचा काळ ठरले. कर्करोगाच्या अनेक सेल लाइनमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशीवंशांमध्ये, मिक अतिरिक्त प्रमाणात असते. मग अर्क घालण्यापूर्वी पेशींना रात्रभर सीरमविना ‘उपाशी’ ठेवण्याची जी प्रथा आहे, तिने निकालात किती भर घातली हे कसे कळणार? त्यासाठी कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी अर्काविना ठेवलेल्या, पेशी तितकाच वेळ उपाशी ठेवणे हे किमान आहे, आणि तेवढे पुरेसेही नाही. उपासामुळे मरणाच्या काठावर आलेल्या पेशीला जो अर्क ढकलून देतो, तोच पोटभर सीरम असलेल्या पेशीला काहीच करणार नाही असे होऊ शकते. म्हणून सीरमच्या निदान दोन पातळ्यांवर प्रयोग व्हायला हवा. रुग्णाच्या शरीरातली गाठ सीरमविना जगत नसते, हे तर उघडच आहे.

पेशीचे टेकणे हाही असाच विषय आहे. आवरण-ऊतींतील पेशी आधारापासून सुटल्या की मरतात, हे फ्रिश आणि फ्रान्सिस यांनी १९९४ मध्ये दाखवले. त्यानंतर १९९७ मध्ये इंगबर यांच्या गटाने याहून सूक्ष्म प्रयोग केला. रक्तवाहिन्यांच्या पेशींना चिकटण्यासाठी पृष्ठभागावर लहान-मोठी बेटे आखून दिली. चिकटण्याचे एकूण क्षेत्र तेवढेच ठेवूनही ज्या पेशींना पसरायला जागा मिळाली त्या जगल्या आणि ज्यांना आखडून बसावे लागले त्या मेल्या. आपल्या प्रयोगशाळांमध्ये ट्रिप्सिन हे विकर लावून पेशी सोडवणे आणि त्या पुन्हा पेरणे रोज चालते. सोडवलेल्या पेशी नीट टेकण्याआधीच अर्क घातला, तर मरणाचे कारण अर्क की अर्धवट टेकणे, हा प्रश्न उरतो. शिवाय अर्कातील टॅनिनसारखी द्रव्ये प्रथिनांशी बांधली जाऊन पृष्ठभागाचा चिकटपणाच बिघडवू शकतात. तसे झाले तर तो औषधी गुण म्हणता येणार नाही. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर घडलेली ती गोष्ट आहे.

साखर आणि प्राणवायू यांबद्दल बशीतली पेशी आणि शरीरातली पेशी वेगळ्याच जगांत राहतात. डीएमईएम या लोकप्रिय माध्यमाच्या जास्त ग्लुकोजच्या बाटलीत लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असते. घराघरांत ग्लुकोमीटर असलेल्या आजच्या काळात हा आकडा वेगळ्या भाषेत सांगितलेला बरा: रक्तातील साखर ४५० असावी तशी ही स्थिती आहे, आणि तीही जेवणानंतर चढून उतरणारी नव्हे, तर प्रयोगाच्या आरंभापासूनची. इन्क्युबेटरमधील हवेत प्राणवायू साधारण १८ ते १९ टक्के असतो. शरीरातील बहुतेक ऊतींत तो २ ते ९ टक्क्यांच्या आसपास राहतो. या श्रीमंतीचा परिणाम सीताफळाच्या उदाहरणाने चांगला कळतो. सीताफळाच्या बियांतील अ‍ॅसिटोजेनिन द्रव्ये तंतुकणिकेतील, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातील, पहिल्या श्वसनसंकुलाला रोखतात. परंतु ग्लुकोजने भरलेल्या माध्यमातली कर्कपेशी तंतुकणिकेवर फारशी विसंबत नाही. ती ग्लुकोज फोडूनच ऊर्जा मिळवते. त्याच संकुलाला रोखणारे रोटेनोन यकृताच्या हेपजी-२ पेशींना ग्लुकोजमध्ये फारसे इजा करत नाही, पण ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिले की त्या पेशी त्याला सहज बळी पडतात, हे २००७ मध्ये दाखवले गेले आहे. म्हणजे बालाघाटच्या सीताफळाचे बी ‘निष्प्रभ’ आहे की ‘विषारी’, हे माध्यमाच्या बाटलीवर ठरण्याची शक्यता पुरेपूर आहे. ऊर्जेचा आणखी एक पैलू असा की, अपॉप्टोसिस पार पाडायला एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जाद्रव्य, लागते. १९९७ च्या एका अभ्यासात मानवी टी-पेशींना मारणारा तोच घटक दिला असता, एटीपी आधीच संपवलेल्या पेशी फुगून फुटून मेल्या आणि ग्लुकोज परत दिलेल्या पेशी नियोजित रीतीने मेल्या. औषध तेच, मरण वेगळे.

हळदीबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण हिंगोली, वसमत आणि नांदेडच्या बाजारपेठांमुळे आपल्या भागात तिच्यावर काम करण्याचे आकर्षण स्वाभाविक आहे आणि तिच्या बाबतीतच बशीतली परिस्थिती सर्वांत जास्त फसवते. हळदीतील कर्क्युमिन ३७ अंशांना आणि शरीराच्या सामूजवळ, सीरम नसलेल्या माध्यमात, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित होते, हे १९९७ पासून नोंदलेले आहे. १० टक्के सीरम असलेल्या माध्यमात मात्र ८ तासांनंतरही सुमारे निम्मे शिल्लक असते, कारण सीरममधील प्रथिने त्याला धरून ठेवतात. आता विद्यार्थ्याने २४ तास कर्क्युमिन दिले असे लिहिले तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? सीरमविना प्रयोग केला असेल तर पेशींना बहुतांश वेळ कर्क्युमिन नव्हे, त्याची विघटनद्रव्ये मिळाली. सीरमसह केला असेल तर कर्क्युमिन टिकले, पण त्याचा मोठा भाग प्रथिनांना चिकटून बसला आणि पेशीला मोकळा मिळाला तो फारच थोडा. दोन्ही प्रयोगांवर मात्रेचा आकडा मात्र एकच लिहिला जातो. त्यात कर्क्युमिन स्वतः पिवळे असते आणि निळा प्रकाश पडला की हिरवा प्रकाश सोडते; मरणाऱ्या पेशी ओळखणाऱ्या अ‍ॅनेक्सिन चाचणीतील हिरव्या रंगद्रव्याच्या मोजणीत ते सरळ मिसळते. रंगद्रव्य न घातलेल्या, फक्त कर्क्युमिन दिलेल्या पेशींचा कंट्रोल ठेवला नसेल तर यंत्र अपॉप्टोसिसचा जो आकडा दाखवते त्यातला काही वाटा हळदीच्या रंगाचाच असतो. वसमतच्या हळदीची प्रत यामुळे कमी होत नाही, तिच्याविषयीचा दावा मात्र कच्चा राहतो.

कर्क्युमिनसारखीच अडचण वनस्पतींतील इतर फिनॉलिक द्रव्यांची आहे. बॅरी हॅलिवेल आणि सहकाऱ्यांनी २००० आणि त्यानंतरच्या अभ्यासांत दाखवले की, गॅलिक आम्ल, चहातील कॅटेचिन वर्गातील द्रव्ये आणि क जीवनसत्त्व ही नेहमीच्या संवर्धन माध्यमात घातली की, पेशी असोत वा नसोत, त्यांचे आपोआप ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. पेरॉक्साइडने अपॉप्टोसिस होतो हे सर्वज्ञात आहे. तेव्हा आवळा, हिरडा, बाभूळ यांच्या अर्काने पेशी मेल्या असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा बाटलीतच तयार झालेल्या पेरॉक्साइडने त्या मेल्या नाहीत ना, हा पहिला प्रश्न असायला हवा. तपासणी अवघड नाही: माध्यमात कॅटॅलेज हे विकर घालून तोच प्रयोग पुन्हा करायचा. मृत्यू नाहीसा झाला तर उत्तर मिळाले. यातही माध्यमाच्या निवडीचा एक बारकावा आहे. काही माध्यमांत सोडियम पायरुव्हेट असते आणि ते पेरॉक्साइडला निष्प्रभ करते. म्हणून एका विभागात ‘अर्क प्रभावी’ आणि शेजारच्या जिल्ह्यातील विभागात ‘अर्क निरुपयोगी’ असे निकाल येऊ शकतात, आणि फरक फक्त एवढाच असतो की दोघांनी वेगळ्या क्रमांकाची बाटली मागवली. कॅटॅलेजचा हा कंट्रोल परीक्षक म्हणून मी जेव्हा जेव्हा मागितला आहे, तेव्हा तेव्हा समोरून बहुतेक वेळा ‘असे कोणी करत नाही’ हेच उत्तर आले आहे. कोणी करत नाही, हे खरे असेल. पण ते कारण होऊ शकत नाही.

ज्या पेशींवर प्रयोग होतो, त्या आपण समजतो त्याच आहेत का, हा प्रश्न तर आणखी मागे जाऊन विचारावा लागतो. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून काढलेल्या हेला पेशींनी जगभरच्या अनेक सेल लाइनमध्ये शिरकाव केला होता, हे स्टॅन्ले गार्टलर यांनी १९६६ मध्येच उघड केले. हेलामध्ये विषाणूच्या ई-६ प्रथिनामुळे पी-५३ हे बिघडलेल्या पेशीला मरणाकडे नेणारे प्रथिन नष्ट केले जाते. म्हणजे मृत्यूच्या यंत्रणेतला एक मोठा दुवा तिथे मुळातच दुबळा आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी. त्यांच्यात कास्पेज-३ चे जनुक तुटलेले आहे, आणि त्यामुळे त्या मरतात तेव्हा डीएनएचे शिडीसारखे ठरावीक तुकडे पडत नाहीत, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. असे असूनही एमसीएफ-७ मध्ये अर्काने कास्पेज-३ जागृत झाल्याचे दावे वाचायला मिळतात. अशा वेळी पेशी दुसऱ्याच आहेत, किंवा चाचणीचे द्रव्य दुसऱ्या विकराला प्रतिसाद देत आहे, किंवा आकडा तपासूनच पाहिलेला नाही, यांपैकी एक मानावे लागते. बरे, खऱ्या एमसीएफ-७ सुद्धा सर्वत्र सारख्या नसतात: २०१८ मध्ये या लाइनच्या २७ उपवंशांवर ३२१ संयुगे तपासली गेली, तेव्हा काही उपवंशांना जोरदार रोखणाऱ्या संयुगांपैकी निदान तीन-चतुर्थांश संयुगे इतर उपवंशांवर पूर्णतः निष्प्रभ ठरली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून पेशी रीतसर मिळतात, परंतु पैसा आणि वेळ वाचवण्यासाठी ओळखीच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क आणण्याची पद्धत सर्रास आहे, आणि त्या फ्लास्कबरोबर पासेज नंबर, म्हणजे पेशी किती वेळा नव्याने पेरल्या त्याचा आकडा, कधी येतो, कधी येत नाही.

फ्लास्कबरोबर न दिसणारा पाहुणाही येतो, तो म्हणजे मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन लागू पडत नाही, माध्यम गढूळ होत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. सेल लाइनपैकी १५ ते ३५ टक्के त्याने दूषित असतात, असा अंदाज या विषयाच्या साहित्यात नेहमी दिला जातो. मायकोप्लाझ्मा माध्यमातील आर्जिनिन संपवतो आणि स्वतःची डीएनए कापणारी विकरे सोडतो. अपॉप्टोसिसची खूण समजली जाणारी डीएनएची शिडी या विकरांनीही तयार होऊ शकते, हे १९९६ मध्येच दाखवले गेले आहे. एमटीटी या नेहमीच्या रंगचाचणीबद्दल एवढेच की, ती पेशींचे मरण मोजत नाही, त्यांच्या चयापचयाने एक पिवळे द्रव्य किती जांभळे झाले ते मोजते. मेलेली पेशी आणि वाढ थांबलेली पेशी तिच्या लेखी सारखीच, आणि ऑक्सिडीकरणविरोधी अर्क पेशींशिवायही त्या पिवळ्या द्रव्याला जांभळे करू शकतो. तिच्या एकट्या आधारावर अपॉप्टोसिस हा शब्द शीर्षकात घालणे थांबले पाहिजे.

आता आपल्या प्रदेशाच्या हवामानाकडे वळू, कारण परदेशी नियमपुस्तिका लिहिणाऱ्याला ते सुचण्याचे कारण नाही. इन्क्युबेटर पेशींना ऊब देतो, पण बहुतेक साध्या इन्क्युबेटरना थंड करण्याची सोय नसते. खोलीचे तापमान ३७ अंशांपेक्षा बरेच खाली असेल तरच ते ३७ वर स्थिर राहतात. नांदेड, परभणी किंवा जालन्याला मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना वीज गेली आणि एसी बंद पडला, तर आतल्या पेशी ३७ अंशांवर राहतील याची खात्री देता येत नाही. सौम्य उष्णतेचा धक्का बसलेली पेशी एचएसपी-७० हे प्रथिन तयार करते, आणि हे प्रथिन कास्पेज जागृत करणाऱ्या यंत्रणेलाच अडवते, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांतून कळले आहे. म्हणजे दुपारच्या भारनियमनातून गेलेली पेशी संध्याकाळी दिलेल्या अर्काला अधिक चिवटपणे तोंड देईल आणि उष्णता आणखी चढली असेल तर ती अर्काआधीच मरू लागेल. वीज गेल्यावर कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा थांबला की माध्यम अल्कधर्मी होते, ते वेगळेच. कोरड्या हवेत ओलाव्याच्या ट्रेमधले पाणी वेळेवर भरले नाही तर ९६ पैकी कडेच्या ३६ खळग्यांतील माध्यम आटून त्यातले क्षार दाट होतात. आणि कित्येक विद्यार्थी कंट्रोल नेमका पहिल्या स्तंभात, म्हणजे कडेलाच ठेवतात. एप्रिल-मेमधला निकाल आणि डिसेंबरमधला निकाल जुळत नाही तेव्हा आपण अर्काच्या ‘ऋतुमानानुसार बदलणाऱ्या घटकां’वर परिच्छेद लिहितो, इन्क्युबेटरची तापमान-नोंद मात्र कोणी पाहत नाही, कारण ती ठेवलेलीच नसते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या परंपरेत वाढलेल्या कोणाही माणसाला हे सांगावे लागत नाही. सोयाबीनच्या वाणाचे उत्पादन हेक्टरी इतके आले असे लिहिताना जमीन किती खोल, पेरणी कोणत्या तारखेला, पाऊस किती आणि कोणत्या आठवड्यात, ओळींतले अंतर किती, हे लिहिल्याशिवाय तो आकडा कोणी ग्राह्य धरत नाही. पेरणी पंधरा दिवस उशिरा झाली तर वाणाला दोष देता येत नाही, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. प्रयोगशाळेतल्या पेशीला मात्र आपण जमीन नाही, हंगाम नाही, शेजार नाही असे धरून चालतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो गरिबीचा. एवढी काटेकोर व्यवस्था श्रीमंत प्रयोगशाळांना परवडते, आम्हाला एक इन्क्युबेटर मिळवायला पाच वर्षे प्रस्ताव लिहावे लागतात, असे म्हटले जाईल, आणि त्यात तथ्य आहे. पण श्रीमंती ही काही हमी नव्हे. बर्कलीच्या मिना बिसेल आणि बोस्टनच्या कॉर्नेलिया पॉलियाक या दोन अत्यंत सुसज्ज गटांनी स्तनाच्या ऊतींतील पेशी वेगळ्या करण्याचे एकच काम हाती घेतले आणि त्यांचे निकाल जुळेनात. सुमारे वर्षभर शोधल्यावर २०१४ मध्ये त्यांनी कारण छापले: ऊती विरघळवताना एका ठिकाणी मिश्रण जोराने ढवळले जात होते, दुसऱ्या ठिकाणी हळुवार हलवले जात होते. ही चूक हुडकायला कोट्यवधींचे यंत्र लागले नाही. दोन माणसांनी शेजारी उभे राहून एकमेकांचे हात पाहिले, तेवढ्याने ती सापडली. आपल्याकडच्या दुरुस्त्यांपैकी बऱ्याच अशाच स्वस्त आहेत. घनता लिहिणे, सीरमचा लॉट क्रमांक लिहिणे, कंट्रोल प्लेटच्या मध्यभागी ठेवणे, अर्क ज्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवला तेवढाच डीएमएसओ कंट्रोललाही देणे आणि दिवसातून दोनदा तापमान वहीत टिपणे यांना अनुदान लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. आपल्या विद्यापीठांत कोणतीही अट शेवटी एका प्रमाणपत्रात रूपांतरित होते, आणि प्रमाणपत्र सहीने मिळते. वाङ्मयचौर्य तपासणीचे तसेच झाले. सॉफ्टवेअर आले, टक्केवारी आली आणि वाक्ये फिरवून लिहिण्याची कला वाढली. पेशींच्या परिस्थितीची नोंद हाही उद्या एक छापील तक्ता होईल आणि सगळे त्यात ३७ अंश, ५ टक्के असे भरतील. म्हणून केवळ तक्त्यावर माझा भर नाही. व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, वेळी मूळ नोंदवही आणि इन्क्युबेटरची नोंद परीक्षकासमोर ठेवलीच पाहिजे, आणि सेल लाइनची ओळख व मायकोप्लाझ्माची तपासणी विभागाबाहेरच्या कोणीतरी केलेली असली पाहिजे.

हे बाहेरचे कोणीतरी म्हणजे मराठवाड्यासाठी एक सामायिक पेशीसंवर्धन केंद्र असावे, असे मला वाटते. छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला, दोन्ही विद्यापीठांनी मिळून चालवलेले, ज्यात पेशींची गोठवलेली पेढी, डीएनएवरून सेल लाइनची ओळख पटवण्याची सोय, मायकोप्लाझ्मासाठी पीसीआर चाचणी, अखंड वीज आणि दोन कायमस्वरूपी तंत्रज्ञ असतील. लातूर, अंबाजोगाई, उदगीर, बीड, धाराशिव येथील महाविद्यालयांनी आपला अर्क घेऊन तिथे यावे, महिनाभर राहून प्रयोग करावा आणि जावे. प्रत्येक महाविद्यालयात एकेक इन्क्युबेटर वाटण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. आपल्याकडे अनुशेषाची भाषा १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून रूढ आहे आणि ती न्याय्यही आहे. परंतु तो अनुशेष आपण इमारती आणि यंत्रे यांतच मोजत आलो. यंत्र येते, उद्घाटन होते, पण सीरम, वायूचे सिलिंडर, दुरुस्तीचा करार आणि तंत्रज्ञाचा पगार यांसाठी तरतूद नसते. पेशीसंवर्धनासारख्या कामात यंत्रापेक्षा रोजचा खर्चच मोठा असतो, म्हणून केंद्राच्या मंजुरीत दहा वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद आधी असावी, अन्यथा ते केंद्र मागूच नये.

वृत्तपत्रांकडूनही थोडी अपेक्षा आहे. बशीतल्या पेशींवरच्या कामाची बातमी द्यायला हरकत नाही, पण ती बशीतली आहे हे मथळ्यात यावे आणि मात्रा किती होती हे मजकुरात यावे. मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम कच्चा अर्क घातल्यावर पेशी मेल्या, हे वाक्य विद्यापीठाने पत्रकाराला दिले तर पत्रकार ते छापील. आपणच ते देत नाही.

खरी कळ पीएच.डी.च्या मूल्यमापनात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती काढून टाकली. त्यामुळे ‘पेशी मेल्या’ असा निकाल आणण्याचे बाहेरचे दडपण निदान कागदावर तरी कमी झाले आहे. मात्र ज्या विद्यार्थ्याने तीन वर्षे खपून, कॅटॅलेज घातल्यावर आपल्या अर्काचा परिणाम नाहीसा होतो, किंवा सीरम दुप्पट केल्यावर तो उरत नाही, असे स्वच्छ सिद्ध केले, त्याला आजही ‘निकाल आला नाही’ असे सांगून दुसरी वनस्पती घ्यायला लावले जाते. अशा प्रबंधाला पदवी मिळेल, असे विद्यापीठाने लेखी जाहीर करावे. आरआरसीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीच्या, एका बैठकीत हा ठराव होऊ शकतो, आणि त्यासाठी सामायिक केंद्राच्या मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही.